दांपत्य समुपदेशकांचे प्रशिक्षण : आमची वाटचाल

आमची संस्था समुपदेशकांना एकाच कामाचे प्रशिक्षण देते. समोर बसलेले नवराबायको भांडत असताना त्या दोघांना एकमेकांशी बोलते कसे ठेवायचे, हे ते काम. २०१३ साली पुण्यात एरंडवण्यातील एका भाड्याच्या जागेत आम्ही पहिली तुकडी घेतली. मी तोवर व्यक्तिगत समुपदेशन करीत होते आणि माझ्यासोबत असलेल्या ज्येष्ठ सहकारी ताईंची अनेक वर्षे न्यायालयात आलेल्या जोडप्यांशी बोलण्यात गेली होती. व्यवसाय म्हणून यातून काय उभे राहील याचा अंदाज आम्हा दोघींनाही नव्हता, परंतु या प्रशिक्षणाची गरज किती आहे हे आम्ही रोजच्या कामात पाहत होतो.

महाराष्ट्रात समुपदेशनाची परंपरा तशी जुनी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली सुरू केला. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला आणि तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरून समुपदेशकाला न्यायव्यवस्थेत अधिकृत जागा मिळाली. डॉ. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, मराठीत रुजवला, तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी राहिली. त्यामुळे मराठीतून मन लावून, अभ्यासपूर्वक काम करणाऱ्या माणसांची वानवा नव्हती. मात्र त्यांतल्या बहुतेकांचे शिक्षण समोर एकच व्यक्ती आहे असे गृहीत धरून झालेले होते. एम. ए. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात दांपत्य समुपदेशन बहुधा एखाद्या प्रकरणापुरते येते, आणि तेही परीक्षेत उत्तर लिहिण्यासाठी.

एका व्यक्तीसोबत उत्तम काम करणारा समुपदेशक जोडप्यासमोर बसला की काय होते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. पहिल्या दहा मिनिटांतच पत्नी म्हणते, ‘‘मॅडम, तुम्हीच सांगा यांना,’’ आणि पती म्हणतो, ‘‘हिने अर्धेच सांगितले आहे, पूर्ण ऐका.’’ दोघेही समुपदेशकाकडे पाहून बोलतात, एकमेकांकडे पाहत नाहीत. समुपदेशक सहृदय असतो, म्हणून तो आधी एकाचे शांतपणे ऐकून घेतो, मग दुसऱ्याचे ऐकतो, आणि नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. तास संपतो तेव्हा दोन स्वतंत्र कैफियती नोंदवलेल्या असतात आणि जोडपे जसे आले होते तसेच, किंबहुना थोडे अधिक दुखावून, घरी जाते. हा समुपदेशकाच्या स्वभावाचा दोष नव्हे. वाद पेटलेला असताना खोलीत नेमके काय करायचे, हे त्याला कोणी हाताला धरून शिकवलेलेच नसते.

म्हणून आमचा अभ्यासक्रम त्या पेटलेल्या पाच मिनिटांपासून सुरू होतो. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी संशोधकांनी जोडप्यांना प्रत्यक्ष वाद घालताना पाहिले आणि त्याच वेळी त्यांच्या हृदयाची गती व घामाचे प्रमाण मोजले. १९८६ साली गॉटमन यांनी सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यासाठी प्रयोगशाळाच उभारली. नाडी मिनिटाला शंभरच्या पुढे गेली की माणसाला समोरच्याचे बोलणे धड ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलेले निरीक्षण आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. कारण एकदा हे उमगले की, ‘‘शांतपणे बोला ना,’’ असे सांगणे किती निरर्थक आहे हे प्रशिक्षणार्थीच्या लक्षात येते. टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि अबोला ही नाते पोखरणारी चार वर्तने ओळखायला तो शिकतो, आणि त्यांतही तुच्छतेकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला शिकतो. ‘‘तुझ्या माहेरच्यांना कधी अक्कल होती!’’ या एका वाक्यानंतर पुढचे काहीही ऐकले जात नाही. तिथे समुपदेशकाने तत्क्षणी हात वर करून थांबवले पाहिजे आणि त्या वाक्यामागची तक्रार त्याच नवऱ्याकडून, पण अपमानाविना, पुन्हा मांडून घेतली पाहिजे.

मात्र हे ज्ञान आहे तसे उचलून मराठी घरात नेता येत नाही, आणि आमच्या कामाचा बराच वेळ या जुळवणीत गेला आहे. वीस मिनिटांच्या विरामाचेच पाहा. ज्या जोडप्याच्या घरात दोन खोल्या आहेत, एकीत सासू-सासरे आणि दुसरीत मुले अभ्यासाला बसली आहेत, त्याने वाद थांबवून जायचे कुठे? बायको रात्री नऊ वाजता एकटी खाली फिरायला गेली तर सोसायटीत चर्चा होते. नवरा चप्पल घालून बाहेर पडला तर घरात राहिलेलीला तो टाकून गेल्यासारखे वाटते. त्यामुळे विराम घ्यायची जागा, त्यासाठी वापरायचा शब्द आणि परत बोलायला बसण्याची वेळ या तीनही गोष्टी जोडप्याने सत्रातच ठरवायच्या, आणि विराम मागणाऱ्यानेच पुन्हा विषय काढायचा, अशी पद्धत आम्ही बसवली. परत येण्याची वेळ न सांगता घेतलेला विराम समोरच्याला अबोल्यासारखाच लागतो.

त्यानंतर येते बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची पाळी. एकाने दोन-तीन वाक्ये बोलायची, दुसऱ्याने उत्तर न देता आपल्याला काय समजले ते सांगायचे, आणि पहिल्याने ‘‘हो, हेच म्हणायचे होते,’’ असे म्हटल्यावरच पाळी बदलायची. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तिसऱ्या वाक्यालाच ऐकणारा, ‘‘पण तू सुद्धा...’’ म्हणून उसळतो आणि त्याला न दुखावता पुन्हा ऐकण्याच्या भूमिकेत आणणे हे समुपदेशकाचे खरे कौशल्य ठरते. याच्याही खाली एक थर असतो. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅनडात मांडलेल्या भावनाकेंद्री उपचारपद्धतीने तो नेमका दाखवला आहे. एक जण बोलायला लावण्यासाठी पाठ धरतो आणि दुसरा भांडण वाढू नये म्हणून मागे सरकतो. दुसरा जितका सरकतो तितका पहिला पाठ धरतो, आणि पहिला जितका पाठ धरतो तितका दुसरा सरकतो. हे चक्र फळ्यावर काढून दाखवले की अनेक जोडपी प्रथमच एकमेकांकडे पाहतात. आमच्या प्रशिक्षणार्थींना आम्ही ते त्यांच्या स्वतःच्या घरातील एखाद्या भांडणावर काढायला लावतो, आणि त्या दिवशी वर्गात फार शांतता असते.

एका बाबतीत आम्ही पहिल्यापासून तडजोड केलेली नाही. संयुक्त सत्रापूर्वी दोघांशी स्वतंत्रपणे बोललेच पाहिजे, आणि घरात मारहाण, धमकी किंवा भीती आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारलेच पाहिजे. ज्या स्त्रीला घरी गेल्यावर मार बसणार आहे, तिला नवऱ्यासमोर ‘‘मनातले मोकळेपणाने बोला’’ असे सांगणे म्हणजे तिला धोक्यात ढकलणे होय. अशा वेळी संवादकौशल्यांचा विषय बाजूला ठेवून सुरक्षिततेचा विचार करायचा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती द्यायची, असे आम्ही शिकवतो. ‘‘संसार टिकला पाहिजे’’ या भल्या हेतूने हा टप्पा गाळणारे समुपदेशक आम्हाला भेटले आहेत. अभ्यासक्रमातील कोणताही अन्य भाग चुकला तर सुधारता येतो, हा चुकला तर सुधारता येत नाही, म्हणून यावर आमचा सर्वाधिक वेळ जातो.

व्यवसाय म्हणून ही वाटचाल संथ राहिली. एका तुकडीत बारापेक्षा अधिक जण घ्यायचे नाहीत, कारण प्रत्येकाचा रोल-प्ले डोळ्यांखालून गेला पाहिजे. वर्ग रविवारी, कारण प्रशिक्षणार्थी आठवडाभर नोकरी किंवा स्वतःची प्रॅक्टिस करतात. फी इतकी ठेवायची की नाशिक, कोल्हापूर, सोलापूरच्या छोट्या संस्थांत काम करणाऱ्यांना परवडेल. या तीन अटी पाळल्यावर जागेचे भाडे आणि दोघींचे मानधन भागवून फारसे काही उरत नसे, आणि उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर फीवर अठरा टक्के जीएसटीही लागू झाला. दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन ‘प्रमाणित दांपत्य समुपदेशक’ असे प्रमाणपत्र द्यावे, असे प्रस्ताव अनेकदा आले. त्यात पैसा नक्कीच होता. भारतात दांपत्य समुपदेशकासाठी वेगळा परवाना नाही, त्यामुळे अशा कागदाला कोणी अडवणारही नव्हते, आणि म्हणूनच तो देणे आम्हाला अयोग्य वाटले. आम्ही केवळ उपस्थितीचे आणि पूर्ण केलेल्या पर्यवेक्षित सत्रांचे पत्र देतो.

ती पर्यवेक्षित सत्रे हाच आता आमच्या कामाचा कणा आहे. वर्ग संपल्यावर सहा महिने प्रशिक्षणार्थी आपली प्रत्यक्ष सत्रे जोडप्याच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित करतो आणि त्यांतील निवडक भाग आम्ही त्याच्यासोबत ऐकतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतही दांपत्य उपचार शिकवताना कार्यशाळेनंतर अनेक महिने अशाच मुद्रणांवर मार्गदर्शन केले जाते, हे वाचल्यावर आमचा या पद्धतीवरचा विश्वास वाढला. ‘‘इथे तू बोललीस, पण तिला त्याच्याशी बोलायला लावायला हवे होते,’’ अशी एक सूचना चार व्याख्यानांनी होत नाही ते काम करते. मार्च २०२० नंतर सर्व काही झूमवर गेले आणि त्यातून दुबई व न्यू जर्सीतील मराठी समुपदेशकही तुकडीत येऊ लागले. ऑनलाइन सत्रात मात्र दोघांनी एकाच पडद्यासमोर, थोडे एकमेकांकडे वळून बसण्याचा आग्रह आम्ही धरतो. दोन खोल्यांतून दोन फोन लावले की पुन्हा समुपदेशकाशीच बोलणे सुरू होते.

यशाचे मोजमापही आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन आणि नील जेकबसन यांच्या अमेरिकी अभ्यासात तीव्र व जुने तंटे असलेली १३४ जोडपी होती. उपचारांनंतर पाच वर्षांनी त्यांतील सुमारे निम्म्यांत लक्षणीय सुधारणा दिसली, तर चतुर्थांशाहून किंचित अधिक जोडपी विभक्त झाली होती. आमच्याकडील समुपदेशकांपुढेही परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज केलेली, सहा महिन्यांच्या प्रतीक्षाकाळातील जोडपी येतात. तो काळ परिस्थितीनुसार माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले, तेव्हापासून काहींकडे तेवढाही अवधी नसतो. अशांना एकत्र ठेवण्याचा हट्ट समुपदेशकाने धरू नये. मुलीची शाळा, सुट्टीतील भेटी, आजीआजोबांकडे जाणे या विषयांवर दोघे किंचाळल्याविना बोलू शकले, तर तेही याच प्रशिक्षणाचे फळ आहे.

सध्या आम्ही न्यायालयाबाहेरील अशा संभाषणांसाठी स्वतंत्र पाठ तयार करीत आहोत. तसेच जुन्या तुकड्यांतील अनुभवी समुपदेशकांना पर्यवेक्षक म्हणून घडवण्यास सुरुवात केली आहे, कारण मुद्रणे ऐकणाऱ्या आम्ही दोघीच असू तोवर तुकडी बाराच्या वर जाणार नाही, आणि प्रतीक्षायादीत आता विदर्भ, मराठवाडा व गोव्यातील नावे वाढत आहेत.