सुभेदारी आणि गणगोत

सफवी राजघराण्याच्या काळातील इराणविषयी बोलताना मी गंजाच्या (हे शहर आजच्या अझरबैजानात आहे) झियादओग्लू घराण्याचे नाव काढले की तुमच्यापैकी कोणीतरी हटकून विचारते : सुभेदार हा बादशहाचा चाकर, मग त्याची सुभेदारी अडीचशे वर्षे एकाच घरात कशी राहिली? प्रश्न रास्त आहे. आपल्याला ओळख मोगलांच्या रीतीची. तिथे वतन पाटील-देशमुखांचे, सुभेदार मात्र काही वर्षांत बदलून जायचा.

झियादओग्लू ही काजार या तुर्की जमातीची शाखा, आणि काजार हे सफवींना गादीवर बसवणाऱ्या किझिलबाश जमातींपैकी एक. सोळाव्या शतकाच्या मध्याला सफवी शाह तहमास्पने काराबाखचा, म्हणजे गंजाभोवतीच्या मुलखाचा, सुभा या घराण्यातील शाहवेर्दी सुलतानाला दिला. ठाणे गंजाला, पद बेगलरबेगीचे, म्हणजे बेगांच्या बेगाचे, सरदारांच्या सरदाराचे. ही केवळ नेमणूक नव्हती. सुभ्यातील कुरणांवर राहणाऱ्या जमातींचे घोडेस्वार हीच सुभेदाराची फौज असल्यामुळे, परका माणूस पाठवला तर त्याच्या हाती शिक्का येई, पण हाकेला ओ देणारे स्वार येतीलच याची खात्री नसे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले उत्तर शहांच्या वागण्यात दिसते. १५८८ साली उस्मानी तुर्कांनी घेतलेले गंजा शाह अब्बासने १६०६ मध्ये परत मिळवले. हा शाह एरवी किझिलबाशांचे बळ मोडून जॉर्जियन आणि आर्मेनियन गुलामांना मोठी पदे देत होता. तरीही गंजाला त्याने मोहम्मद खान झियादओग्लूलाच बसवले. १६२७ मध्ये दाऊद खान या जॉर्जियन सरदाराला तो सुभा मिळाला खरा, पण सहा वर्षांतच तो बंड करून उठला आणि सुभा पुन्हा जुन्या घराण्याकडे गेला.

हे मर्म नेमके ओळखले ते नादिरशहाने. दिल्लीच्या लुटीमुळे आपण त्याला केवळ क्रूर म्हणून ओळखतो, पण तो धूर्तही होता. १७३६ साली मुगानच्या मैदानात तो स्वतःला शाह म्हणवून घेत असताना गंजाच्या घराण्याचा कल सफवींकडे राहिला, तेव्हा त्याने काराबाखच्या जमातीच उचलून दूर ईशान्य इराणमधील खोरासानात नेऊन वसवल्या आणि उत्तरेकडील कझाख व बोरचालू हे मुलूख जॉर्जियाच्या राजाकडे सोपवले. झियादओग्लूंकडे उरले गंजा आणि त्याचा परिसर. १७४७ मध्ये नादिरचा खून झाल्यावर काराबाखमध्ये जवानशीर जमातीचा पनाह अली खान स्वतंत्र झाला, आणि बेगलरबेगींचे वंशज एका छोट्या संस्थानाचे खान म्हणून उरले.

१७८६ पासून गंजाच्या गादीवर असलेल्या जवाद खानाने दोन्ही बाजू सांभाळून पाहिल्या. जॉर्जियाची राजधानी तिफ्लिसवरच्या १७९५ च्या स्वारीत तो इराणची सत्ता मिळवणाऱ्या आगा मोहम्मद खान काजाराबरोबर होता आणि पुढच्याच वर्षी रशियन सैन्य आले तेव्हा त्याने त्यांच्यापुढे मान तुकवली. रशियन जनरल त्सित्सियानोव्हने मात्र १८०३ मध्ये गंजा हा जॉर्जियाचाच भाग असल्याचा दावा करून वेढा घातला. शरण येण्याचे निरोप खानाने धुडकावले, आणि जानेवारी १८०४ च्या हल्ल्यात तो आपल्या मुलासह तटावर मारला गेला. त्सारच्या पत्नीच्या नावावरून शहराचे एलिझावेतपोल झाले. दुसरा मुलगा उगुर्लू खान निसटला होता. १८२६ च्या रशिया-इराण युद्धात तो इराणी फौजेच्या आधाराने गंजाला परतला, पण सप्टेंबरातील पराभवानंतर तेही संपले.

वंश मात्र झियादखानोव्ह या नावाने टिकला. त्यांच्यातील इस्माईल खान १९०६ साली रशियाच्या पहिल्या दूमामध्ये, म्हणजे संसदेत, निवडून आले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या अझरबैजान प्रजासत्ताकाने आदिल खानांना आपले राजदूत म्हणून तेहरानला पाठवले, तेव्हा तिथल्या गादीवर काजारांच्याच दुसऱ्या शाखेचा अहमद शाह बसलेला होता.