रंगपंचमीच्या दिवशी सगळं हिरवं होतं

आमच्या इंदूरला रंगपंचमी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरनं रंग उडवतात, गुलालानं आभाळ दिसेनासं होतं आणि दुपारपर्यंत त्या भागात गाडी घालायची सोयच नसते. त्या दिवशी क्लायंटच्या सर्व्हरच्या सपोर्टची ड्युटी माझी होती, घरूनच, लोकमान्य नगरातून. लॅपटॉप उघडून पोह्यांची प्लेट हातात घेतली तोच एका पॅथॉलॉजी लॅबच्या काकांचा फोन. लॅब राजवाड्यामागच्या गल्लीत, सर्व्हर पण तिथेच, म्हणजे जाणं शक्यच नव्हतं.

काका म्हणाले, "अरे बाळा, काउंटरवरच्या ताईंचं लॉगिनच होत नाहीये, पासवर्ड टाकला की परत तेच पान येतं. आणि शेजारच्या टेबलावर मुलगा सकाळपासून बसलाय त्याचं मात्र चालू आहे."

मी नागिओसचा, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामचा, बोर्ड बघितला. सगळं हिरवं. पिंग (सर्व्हर उत्तर देतो का) ओके, चेक_एचटीटीपी (वेबपान उघडतं का) ओके, चेक_डिस्क (डिस्कवर जागा आहे का) ओके. हे प्लगिन म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम असतात, एक ओळ छापतात आणि एक आकडा देऊन बंद होतात, 0 म्हणजे ठीक, 1 वॉर्निंग, 2 क्रिटिकल, 3 म्हणजे कळलं नाही. आमच्याकडे सगळीकडून 0 येत होता. खरं सांगतो, क्षणभर वाटलं की ताईच पासवर्ड चुकवत असतील, आणि तसं काकांना बोललो पण, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एसएसएचनं, म्हणजे दुरून कमांड देता येतात त्या मार्गानं, सर्व्हरच्या आत शिरलो. फोल्डरचं नाव अर्धं टाइप करून टॅब दाबला तर नाव पूर्ण व्हायच्या ऐवजी एरर, टेंपररी फाइल बनवता येत नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. डिस्कची जागा दाखवणारं डीएफ मायनस एच मारलं, डिस्क 41 टक्के भरलेली. जागा आहे आणि जागा नाही, दोन्ही एकाच स्क्रीनवर! तेव्हा डोक्यात आलं आणि डीएफ मायनस आय मारलं. आयनोड 100 टक्के वापरलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फाइल केवढीही असो, तिला एक आयनोड (डिस्कवरची त्या फाइलीची नोंद) लागतोच, आणि ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइलसिस्टमवर ते डिस्क फॉरमॅट करतानाच मोजून ठरतात, साधारण दर 16 केबीला एक. आमचं रूट पार्टिशन 20 जीबीचं, म्हणजे 13,10,720 आयनोड. संपले की संपले. जुन्या फाइलीत लिहिता येतं, नवीन बनवता येत नाही, म्हणून त्या मुलाचं जुनं सेशन (लॉगिनची नोंद ठेवणारी फाइल) चालू होतं आणि ताईंना नवीन मिळत नव्हतं.

शोधता शोधता लॅबच्या सॉफ्टवेअरचा सेशनचा फोल्डर सापडला, फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारलं तर ते परतच येईना. फाइली पुसणारं साधं आरएम स्टार चालत नाही तिथे, आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग म्हणतं, शेवटी फाइंडला एक दिवसापेक्षा जुन्या फाइली डिलीट करायला लावलं आणि फोन कानाला धरून बसलो. मागून काकांच्या गल्लीतले ढोल ऐकू येत होते. पाऊण तासानं, फाइंड अजून चालूच होतं, ताई म्हणाल्या, "झालं दादा, उघडलं."

पण एवढ्या फाइली आल्या कुठून? लॅबमधे माणसं मोजून आठ. त्या फाइली जवळजवळ सगळ्या शून्य बाइटच्या, आणि तारखा बघितल्या तर बरोब्बर एकेका मिनिटाच्या अंतरानं. आमचाच चेक_एचटीटीपी! दर मिनिटाला लॉगिनचं पान उघडायचा, कुकी (ओळख लक्षात ठेवणारी खूण) ठेवायचा नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्याला दर वेळी नवा माणूस समजून नवं सेशन बनवायचं. दिवसाला 1440, आणि जवळपास दोन वर्षांत दहा लाखांवर. उबुंटूवर (सर्व्हरचं लिनक्स) जुनी सेशन पीएचपी (सॉफ्टवेअरची भाषा) स्वतः साफ करत नाही, ते ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या वेगळ्या कामाकडे असतं (पूर्वी क्रॉन, आता सिस्टमडी टायमर), आणि ते काम फक्त पीएचपीच्या सेटिंगमधला फोल्डर बघतं, यांनी तर कोडमधे आपला वेगळाच दिला होता. वर ते पान सेशन न बनताही 200, म्हणजे 'पान ठीक आहे' हा कोड, परत करत होतं, म्हणून हिरवं.

काकांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं, आमच्या चेकमुळे झालं हे पण, आणि ताईंची माफी मागितली.

चेक_डिस्कला आयनोडसाठी वेगळे ऑप्शन आहेत, कॅपिटल डब्ल्यू आणि कॅपिटल के, ते दिल्याशिवाय तो आयनोडवरून ओरडत नाही. आम्ही वर्षानुवर्षं फक्त जागेसाठीचं छोटं डब्ल्यू 20 आणि छोटं सी 10 देत आलो होतो. एनआरपीईच्या, म्हणजे क्लायंटच्या सर्व्हरवर चेक चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत ते घातले, बाकीच्या क्लायंटकडे पण. लॉगिनच्या पानावरून चेक काढला, सॉफ्टवेअरवाल्यांकडून एक वेगळं पान करून घेतलं, ते सेशन बनवत नाही पण एक फाइल लिहून पुसतं, डेटाबेसला एक प्रश्न विचारतं आणि दोन्ही जमलं तरच एक ठरलेला शब्द छापतं, चेक_एचटीटीपीला मायनस एसनं तोच शब्द शोधायला सांगितलाय. जुनी सेशन पुसायला क्रॉनमधे एक ओळ टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयनोड 23 टक्के दिसले. आठवड्यानं बघितलं, 23च.