टनांच्या ड्रमातून ग्रॅमच्या बाटलीत : आमची वाटचाल

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आमचं युनिट आहे. कारखाना म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काही नाही. एक शेड, काचेचे दोन डिस्टिलेशन सेट, व्हॅक्युम पंप, एक थंड खोली आणि माळ्यावर लॅब. शेजारच्या प्लॉटवर दिवसाला टँकर लागतात, आमच्याकडे महिन्याचा माल एका टेम्पोत मावतो. मुख्य प्रॉडक्ट एकच, पॅरा-ॲनिसिडीन : रंग, औषधं आणि तेलाच्या चाचण्यांत लागणारं एक रसायन. मोठ्या प्लँटचा ड्रमातला माल घेऊन आम्ही तो शुद्ध करतो. मी आणि माझा भागीदार दोघेही आधी डाय इंटरमीजिएटच्या, म्हणजे रंगांसाठी लागणाऱ्या रसायनांच्या, प्लँटमध्ये शिफ्टा केलेली माणसं. तिथे हाच माल आम्ही ड्रमाने भरायचो. तपकिरी, कधी कधी काळपट ढेकळं, आणि कपड्यांना घरापर्यंत सोबत करणारा वास.

हा माल बनतो कसा, ते आधी सांगतो. क्लोरोबेंझिनचं नायट्रेशन केलं की साधारण दोन भाग पॅरा आणि एक भाग ऑर्थो नायट्रोक्लोरोबेंझिन निघतं. पॅरा आणि ऑर्थो म्हणजे तेच अणू, फक्त रिंगवर गट बसायची जागा वेगळी. दोन्ही वेगळे करायचे. पॅराला मिथेनॉल आणि कॉस्टिकबरोबर तापवलं की क्लोरीनच्या जागी मिथॉक्सी बसतो आणि पॅरा-नायट्रोॲनिसोल तयार होतं. मग रिडक्शन. जुन्या पद्धतीत लोखंडाचा चुरा आणि थोडं ॲसिड, नाहीतर सोडियम सल्फाइड. नव्या प्लँटमध्ये कॅटॅलिस्ट टाकून हायड्रोजनेशन. लोखंडाची पद्धत ज्यांनी केली आहे त्यांना मालापेक्षा गाळच जास्त आठवतो. काळा, जड, आणि ठेवायचा कुठे हा रोजचा प्रश्न. या मालाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रंगवाले. सुती कापडाचे नॅफ्थॉल रंग, लाल पिगमेंट, फास्ट बेस. रंगवाल्याला माल तपकिरी असला तरी चालतो, कारण शेवटी त्याला रंगच करायचा असतो. त्याला हवा भाव. भावात आपण गुजरातच्या मोठ्या प्लँटशी कधीच पुरे पडणार नव्हतो. स्वतःचं काही करायचं ठरवलं तेव्हा या एका गोष्टीवर आमचं दोघांचंही दुमत नव्हतं.

वाट दाखवली ती तेलाने. माझा एक वर्गमित्र खाद्यतेलाच्या रिफायनरीत क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी, सांभाळायचा. त्याची कायमची तक्रार एकच : 'अरे, ॲनिसिडीनची बाटली उघडली की दोन आठवड्यांत गुलाबी पडते, आणि ब्लँक बसत नाही.' ब्लँक म्हणजे तेल न घालता नुसत्या द्रावणाचं रीडिंग. आम्ही ड्रमाने भरत होतो तोच पदार्थ. त्याला पंचवीस ग्रॅमची इम्पोर्टेड बाटली घ्यावी लागायची, आणि तिची किंमत ऐकून माझा भागीदार खुर्चीतून उठून बसला होता.

खवट तेलाची गोष्ट थोडी समजून घेतली तर आमचा धंदाही समजेल. तेल हवेत राहिलं की आधी पेरॉक्साइड तयार होतात. ते पुढे फुटतात आणि त्यांतून अल्डिहाइड निघतात. खवट वास येतो तो मुख्यतः यांचाच. नुसती पेरॉक्साइड व्हॅल्यू पाहणारा फसू शकतो, कारण जुन्या तेलात पेरॉक्साइड फुटून गेलेले असतात आणि आकडा खाली आलेला असतो. तेल पुन्हा रिफाइन केलं, वाफ सोडून वास काढला, तर हा आकडा आणखी खाली येतो. मात्र फुटून झालेल्या अल्डिहाइडचा जड भाग तेलातच राहतो, आणि पॅरा-ॲनिसिडीन नेमकं त्यालाच पकडतं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर पेरॉक्साइड व्हॅल्यू ही आजची शिल्लक, आणि ॲनिसिडीन व्हॅल्यू ही मागील पानावरून पुढे आणलेली बाकी. दोन्ही मिळून टोटॉक्स : पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडीन.

चाचणी तशी सोपी आहे. तेल आयसोऑक्टेनमध्ये विरघळवायचं. त्यातल्या पाच मिलिलिटरला ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमधलं ॲनिसिडीनचं पाव टक्का द्रावण एक मिलिलिटर घालायचं, दहा मिनिटं अंधारात ठेवायचं आणि 350 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो याचं रीडिंग घ्यायचं. ॲनिसिडीन हे अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट असलेला पदार्थ. अमाइन आणि अल्डिहाइड जोडले जाऊन पिवळसर शिफ बेस तयार होतो. जोडणी होताना पाणी सुटतं, म्हणून ॲसिडमध्ये आधीच ओल असेल तर रिॲक्शन पुरी होत नाही. ओल 0.1 टक्क्याच्या आत हवी. आणि रीएजंट, म्हणजे हे ॲनिसिडीनचं द्रावण, स्वतःच रंगीत असेल तर सगळंच मुसळ केरात. आयसोऑक्टेनसमोर धरून रीएजंटचं शोषण 0.2 च्या वर गेलं की द्रावण फेकून द्यायचं, असं पद्धतीतच लिहिलेलं आहे. आमची सगळी कमाई या 0.2 च्या खाली आहे. टेक्निकल मालाची शुद्धता 99 टक्के असते, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) तो झकास दिसतो, आणि ब्लँक लावला की नापास होतो. रंग देणारी ऑक्सिडेशनची घाण इतकी थोडी असते की टक्केवारीत ती दिसतच नाही.

शुद्ध करायची कृती छापील आहे. चार ग्रॅम माल, शंभर मिलिलिटर पाणी, 75 अंश. त्यात अर्धा ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि दोन ग्रॅम चारकोल, पाच मिनिटं ढवळून गाळायचं, शून्य अंशावर किमान चार तास ठेवायचं, थंड पाण्याने धुवायचं आणि व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये सुकवायचं. सल्फाइट हवेतला ऑक्सिजन खातो, चारकोल रंग खातो. एखाद्या ॲनालिस्टला आठवड्यापुरतं हवं असेल तर ही कृती उत्तम. पण किलोचा हिशेब मांडा : एका किलोला पंचवीस लिटर पाणी. त्यातला बराच माल थंड मदर लिकरमध्येच, म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरलेल्या पाण्यातच राहतो, आणि ते सगळं अमाइनचं पाणी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला. सुरुवातीला आम्ही तसंच करत होतो. माल सुरेख निघायचा, आणि महिन्याच्या शेवटी ईटीपीचा खर्च बघून भागीदार मुका व्हायचा.

मग आधी व्हॅक्युम डिस्टिलेशन आणि शेवटचाच हात पाण्याने, असं बसवलं. सांगायला एक वाक्य, करायला एक पावसाळा गेला. हा पदार्थ 57 ते 59 अंशांना वितळतो. म्हणजे कंडेन्सरमध्ये नेहमीचं गार पाणी सोडलं की वाफ नळीतच गोठते, नळी तुंबते आणि मागे प्रेशर चढतं. आमच्या कंडेन्सरमध्ये म्हणून गरम पाणी फिरतं, आणि रिसीव्हरलाही बाहेरून ऊब द्यावी लागते. व्हॅक्युम तोडायचा तो नायट्रोजनने. हवेने तोडला तर पांढरा स्वच्छ कट (गोळा झालेला माल) डोळ्यांदेखत गुलाबी पडतो. कोकणातली जुलैची हवा तर या मालाची वैरीणच. भरण्याची खोली कोरडी ठेवायला डीह्युमिडिफायर लावला आणि लाइट गेली तर तो चालावा म्हणून जनरेटर. बाटली अंबर काचेची, वरच्या जागेत नायट्रोजन, साठवण थंड खोलीत.

या मालाचा ऑर्थो भाऊही लक्षात ठेवावा लागतो. ऑर्थो-ॲनिसिडीन आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या) यादीत 2ए गटात आहे, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोगकारक. आपला पॅरा तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. म्हणून पॅरा निर्धोक ठरत नाही. अशी अमाइनं कातडीतूनही रक्तात जातात आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतात. मग ते ऑक्सिजन वाहूच शकत नाही. ओठ आणि नखं निळी पडतात. जुन्या प्लँटमध्ये हे मी समोर पाहिलेलं आहे. तिथे ग्लोव्ह्ज होते, पण शिफ्टच्या मध्यावर तंबाखू मळायला माणूस ग्लोव्ह्ज काढायचा, त्याच हातांनी मळायचा आणि त्याच हातांनी तोंडात टाकायचा. आमच्याकडे फिल्टरवर जे काका आहेत ते त्याच काळातले. त्यांच्या तंबाखूच्या डब्या मी गेटवर जमा करून घेतो. पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आता नव्या पोरांच्या डब्या तेच जमा करतात. सुरुवातीच्या मालात ऑर्थो किती आहे हे प्रत्येक ड्रमला तपासतो आणि सीओएवर, म्हणजे मालासोबतच्या तपासणीच्या दाखल्यावर, आकडा छापतो. नुसतं 'पास' लिहीत नाही.

पहिली गिऱ्हाइकं रिफायनऱ्यांच्या लॅब. 2018 च्या जुलैपासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तळून तळून तेल खराब झालं की वाढणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर नकोत असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम लागू झाला. ती चाचणी वेगळी, पण त्या निमित्ताने फरसाणवाल्यांपर्यंत सगळे तेलाच्या आकड्यांवर बोलायला लागले आणि आमच्याकडेही विचारणा वाढली. दुसरी गिऱ्हाइकं घरचीच म्हणायची : मासळीच्या तेलाची. तारलीच्या तेलात ओमेगा-3 भरपूर, आणि तेच सगळ्यात लवकर खवट होतं. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणाऱ्या आयोगाच्या) 2017 च्या मानकात मत्स्यतेलाला पेरॉक्साइड 5, ॲनिसिडीन 20 आणि टोटॉक्स 26 अशा मर्यादा आहेत. निर्यातदाराला हे आकडे दाखवावेच लागतात.

याच तेलावरून एक प्रकरण झालं. मत्स्यतेलाच्या कॅप्सूल भरणाऱ्या एका कंपनीने आमचा लॉट खराब म्हणून डेबिट नोटच, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, पाठवली. त्यांची ॲनिसिडीन व्हॅल्यू मर्यादेच्या कितीतरी वर जात होती. आमच्याकडच्या राखीव सॅम्पलचा ब्लँक स्वच्छ. शेवटी त्यांचंच तेल मागवलं. बाटली उघडताच लॅबभर लिंबाचा वास. माशाचा वास झाकायला लेमन फ्लेवर घातलेला, आणि त्यातला लिंबाचा वास देणारा सिट्रल हा स्वतःच अल्डिहाइड! आमचं ॲनिसिडीन इमानदारीने त्याला जोडलं जात होतं. फ्लेवर घालण्याआधीचं तेल तपासलं तर आकडा सरळ आला. क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) तेलासारख्या मुळातच लाल तेलांतही ही चाचणी दगा देते. आम्ही दोन पानांचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, पुढच्या महिन्यात नेहमीची ऑर्डर आली. डेबिट नोटेचा विषय दोन्ही बाजूंनी पुन्हा निघाला नाही.

संशोधनवाल्यांची बाजू मला जास्त आवडते, धंदा थोडा असला तरी. मिथॉक्सी गट रिंगमध्ये इलेक्ट्रॉन ढकलतो, त्यामुळे साध्या ॲनिलिनपेक्षा हे अमाइन जास्त तरतरीत. शिवाय काम झाल्यावर ते काढून टाकता येतं. अल्डिहाइडबरोबर इमाइन (वर सांगितलेला शिफ बेसच) करा, त्यावर हवी ती रिॲक्शन करा, आणि शेवटी सेरिक अमोनियम नायट्रेटने पॅरा-मिथॉक्सीफिनाइल उडवा, नायट्रोजन मोकळा. बीटा-लॅक्टमच्या (पेनिसिलिनमध्ये असते त्या चौकोनी रिंगच्या) कामात ही युक्ती जुनी आहे, टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची साइड चेन ज्या लॅक्टमपासून जोडली गेली तोही असाच केलेला होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन लिस्ट यांनी 2000 साली प्रोलीन हे अमिनो आम्ल वापरून तीन घटकांची मॅनिख रिॲक्शन दाखवली, त्यातलं अमाइन म्हणजे पॅरा-ॲनिसिडीन. 2021 साली त्यांना डेव्हिड मॅकमिलन यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या दिवशी मी काकांना सांगितलं, की या माणसाने आपला माल वापरला होता. आपला म्हणजे आपल्या बाटलीतला नव्हे, हे सांगायचं मुद्दामच राहू दिलं.

औषधवाल्यांकडून मागणी येते ती बरीचशी अपिक्साबॅनमुळे. रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळीत मिथॉक्सीफिनाइल आहे. पॅरा-ॲनिसिडीनचं डायझोटायझेशन करून हायड्राझोन करतात आणि तिथून पायरॅझोलची रिंग. टनावारी माल ते मोठ्यांकडूनच घेतात. आमच्याकडून घेतात ती पद्धत बसवताना लागणारी स्वच्छ बाटली, आणि अंतिम औषधात अमाइनचा अंश राहिला का हे मोजायला तुलनेसाठी लागणारं स्टँडर्ड. दुसरं एक छोटं काम मेथॅसिटिनचं. ॲनिसिडीनला ॲसिटिक ॲनहायड्राइड लावलं की मेथॅसिटिन होतं. त्याच्या मिथाइलमध्ये कार्बन-13 घातलेला असेल तर यकृताची श्वासचाचणी करता येते : यकृत तो मिथाइल तोडतं, कार्बन डायऑक्साइड श्वासातून बाहेर पडतो, मागे पॅरासिटामॉल राहतं. कार्बन-13 चं काम आमच्या आवाक्यातलं नाही. साधं मेथॅसिटिन मात्र आम्ही संदर्भासाठी करून देतो, आणि त्याचे स्फटिक निघतात ते पाहत बसावेत असे.

संशोधन संस्थांचा पैसा मार्चमध्ये येतो, आणि तोवर कॅश क्रेडिटवर दिवस काढायचे. 2021 च्या जुलैतल्या पुरात चिपळूणच्या ऑफिसातली बिलं, लेबलं, खोके सगळं गेलं. माल वर लोट्याला होता म्हणून वाचला. हायड्रोजनेशन स्वतः सुरू करा असा सल्ला बरेच जण देतात. करणार नाही. हायड्रोजनचा ऑटोक्लेव्ह (दाबाखाली चालणारं बंद भांडं) आला की परवाने, अंतरं, माणसं, विमा हे सगळं टनांच्या मापाने येतं, आणि आमची विक्री ग्रॅममध्ये.

सध्याची डोकेदुखी वाहतुकीची आहे. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ॲनिसिडीन यूएन 2431, वर्ग 6.1, म्हणजे विषारी माल. पंचवीस ग्रॅमच्या बाटलीलाही लेबल, कागदपत्रं आणि मंजूर खोका लागतो, आणि ते बरोबरच आहे. पण पार्सलच्या काउंटरवर बसलेला पोरगा फक्त एकच विचारतो, 'केमिकल आहे का?' हो म्हटलं की खोका परत. नाही म्हणायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवलेलं. त्यामुळे धोकादायक मालाचा परवाना असलेल्या ट्रान्सपोर्टकडे आठवड्यातून एकदाच माल जातो, आणि हैदराबादच्या गिऱ्हाइकाला बाटली हवी असते ती उद्या. पुढच्या वर्षी हैदराबादजवळ एखाद्या परवानाधारक गोदामात थोडा साठा ठेवायचा विचार चालू आहे. तिथली थंड खोली भागीदार परवाच बघून आला. तापमानाची नोंदवही त्याला पसंत पडली, भाडं पडलं नाही.