तुम्ही विचारलंत म्हणून: कविता सोडून कवींची चरित्रं कशाला?

घरी येणाऱ्यांची नजर प्रयोगशील कवी-चित्रकारांच्या चरित्रांच्या माझ्या कपाटावर गेली की प्रश्न ठरलेला असतो. ‘ज्यांची कविता कळायला इतकी अवघड, ज्यांची चित्रं फारशी कोणी पाहिलेलीही नाहीत, अशा माणसांची चरित्रं का गोळा करता? कविता वाचावी, चित्र बघावं. त्यांच्या आयुष्याशी आपल्याला काय करायचंय?’ आजवर मी याचं तुटक उत्तर देत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून नीट सांगते.

23 जून 1916 च्या रात्री झुरिकच्या काबारे व्होल्तेअर या कलावंतांच्या मंचावर जर्मन कवी ह्यूगो बालनं शब्दच नसलेल्या कविता म्हटल्या. ‘गाद्जी बेरी बिंबा’ अशा, नुसत्या ध्वनींच्या. पायांभोवती पुठ्ठ्याची नळकांडी होती, त्यामुळे त्याला चालता येईना. दिवे घालवून, उचलून मंचावर ठेवावं लागलं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. उरलाय त्या पोशाखातला फोटो, छापलेली अक्षरं आणि त्याची दैनंदिनी. दैनंदिनीत तो सांगतो की म्हणता म्हणता शेवट कसा करावा हे सुचेना, आणि आवाज आपसूक चर्चमधल्या जुन्या प्रार्थनेच्या लयीत गेला. पुढे चार वर्षांनी हाच माणूस कॅथलिक धर्माकडे परतला. ‘गाद्जी बेरी बिंबा’ ही ओळ मी त्याआधी अनेकदा वाचली होती, आणि मला ती शब्दांची गंमत वाटायची. ती नोंद वाचली त्या दिवशी ती मला पहिल्यांदा ऐकू आली.

माझ्या उत्तराचं मूळ इथे आहे. प्रयोग करणाऱ्यांची कलाकृती पुष्कळदा एका संध्याकाळपुरती असते. नाहीतर ती हरवते, जळते, कोणीतरी फेकून देतं. मग ती कुठे राहते? कोणीतरी लिहून ठेवलेल्या आयुष्यात. एखाद्या कादंबरीकाराचं चरित्र नसलं तरी कादंबरी हातात असते. इथे चरित्र गेलं तर कामही गेलं.

याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण एल्सा फोन फ्रायटाग-लोरिंगहोफन. जन्म 1874, बाल्टिक समुद्राकाठी. न्यूयॉर्कमध्ये ती गालावर टपालाची तिकिटं चिकटवून, अंगावर पत्र्याचे डबे आणि चमचे मिरवत रस्त्यानं चालायची. स्वतःचं शरीर हीच कलाकृती, हे तिनं केलं तेव्हा त्याला नावही नव्हतं. 1918 पासून तिच्या कविता मासिकात छापून यायच्या, पण जिवंतपणी एक संग्रह निघाला नाही. 1927 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये खोलीतल्या गॅसनं ती गेली. अपघात की आणखी काही, याचा निकाल कधीच लागला नाही. तिची पत्रं आणि हस्तलिखितं तिची मैत्रीण, लेखिका जूना बार्न्सकडे होती. जूनाला तिचं चरित्र लिहायचं होतं, ते पुरं झालं नाही. पण तिनं कागद टाकले नाहीत, आणि माझ्या लेखी हे लिहिण्याइतकंच मोठं काम आहे. ते कागद पुढे मेरीलँड विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. आयरीन गॅमेल यांनी लिहिलेलं चरित्र 2002 मध्ये आलं. आणि एल्साच्या इंग्रजी कवितांचा मोठा संग्रह निघाला 2011 मध्ये, ती गेल्यानंतर 84 वर्षांनी.

क्रम पाहिलात ना? आधी चरित्र, मग कविता. ‘मूळ कविता वाचावी’ असं मला सांगणाऱ्यांना मी हाच क्रम दाखवते. वाचायला कविता समोर आली ती कोणीतरी आधी ते आयुष्य शोधलं म्हणून.

तिच्याबद्दल आणखी एक. 1917 ची एक शिल्पकृती आहे: लाकडी साच्यावर उलटा बसवलेला नळाचा वाकडा पाईप, नाव ‘देव’. कितीतरी वर्षं ती एकट्या चित्रकार मॉर्टन शॅमबर्गच्या नावावर होती, आता एल्साचंही नाव लागतं. इथून काहीजण पुढे जातात आणि फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँचं, शिल्प म्हणून प्रसिद्ध झालेलं मुतारीचं भांडंही खरं तिचंच, असं म्हणतात. आधार आहे तो द्युशाँनं 1917 च्या एप्रिलमध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्राचा. एका मैत्रिणीनं पुरुषाचं नाव घेऊन ते भांडं प्रदर्शनाला पाठवलं, असं त्यात आहे. मैत्रीण कोण, ते नाही. मला हा पुरावा अपुरा वाटतो. एल्साचं मोठेपण त्या भांड्यावर टेकवण्याची गरजही वाटत नाही. पण दोन्ही बाजूंचे लेख मी जपून ठेवलेत.

कपाटात सगळी काही जाड चरित्रं नाहीत. प्रदर्शनांचे कॅटलॉग आहेत, मृत्युलेखांची कात्रणं आहेत, नियतकालिकांच्या शेवटच्या पानावरचे दोन-तीन ओळींचे लेखक-परिचय आहेत, काही तर नुसत्या झेरॉक्स. ते छोटे परिचय मला फार आवडतात, कारण बहुधा कवीनं ते स्वतःच लिहून दिलेले असतात. तिथेच मला कळलं की जपानचा कितासोनो कात्सुए, ज्यानं शब्द बाजूला ठेवून कागदाच्या बोळ्यांचे, तारेचे फोटो काढून त्यांना कविता म्हटलं, तो दंतवैद्यक महाविद्यालयात ग्रंथपाल होता. डॉम सिल्व्हेस्टर उएदार हा बेनेडिक्टिन साधू मठात बसून टाइपरायटरच्या अक्षरांतून आकृत्या उभ्या करायचा. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात दृश्यरचना करायचे. कवी ओयगन गोमरिंगर बोलिव्हियात जन्मला, वडील स्विस, आई बोलिव्हियन. चार शब्द पानावर मांडून कोणत्याही भाषेच्या माणसाला दिसेल अशी कविता त्याला का हवी होती, हे त्या जन्मगावाच्या एका ओळीनं मला जितकं सांगितलं तितकं समीक्षेच्या लेखांनी नाही सांगितलं.

पण आयुष्य ही कवितेची किल्ली नव्हे, हेही मला मान्य आहे. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकच्या बाबतीत मी यावर खूप विचार केला. 1969 मध्ये त्यानं फ्रेंचमधला सर्वांत जास्त लागणारा ‘ई’ हा स्वर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. भाषेचा अचाट खेळ म्हणून ती नावाजली गेली. चरित्र वाचलं की कळतं, वडील 1940 मध्ये युद्धात गेले, आईला 1943 मध्ये आउश्वित्सला नेलं आणि ती परतली नाही. सरकारनं तिच्या मृत्यूचा दाखला न देता ‘नाहीसं होण्याचा’ दाखला दिला. त्या दाखल्यावरचा शब्द आणि कादंबरीचं शीर्षक एकच. शिवाय तो स्वर काढला की फ्रेंचमध्ये ‘आई’ लिहिता येत नाही, ‘वडील’ लिहिता येत नाही, खुद्द पेरेकचं नावही नाही. हे कळल्यावर पुस्तक पुन्हा नुसता खेळ म्हणून वाचता येत नाही. त्यात काही गमावलंही. तो खेळ होता, पेरेकला तो खेळ म्हणून मनापासून आवडायचा, आणि दुःखाच्या भारानं त्यातला आनंद वाचकाच्या हातून निसटतो. म्हणून कोणी पेरेक वाचायला मागितला तर मी आधी कादंबरी देते आणि चरित्र नंतर.

आणि ही माणसं स्वतःबद्दल खरं सांगतीलच असंही नाही. काबारे व्होल्तेअरभोवती उभ्या राहिलेल्या कलाचळवळीचं नाव ‘दादा’; हा शब्द कोणाला सापडला यावर तिच्या संस्थापकांत वाद होता. 1921 मध्ये हान्स आर्पनं लेखी साक्ष दिली: तो शब्द त्रिस्तान त्सारानं 8 फेब्रुवारी 1916 ला संध्याकाळी सहा वाजता शोधला, तेव्हा मी माझ्या बारा मुलांसह हजर होतो. बारा मुलं अर्थातच नव्हती. ही साक्ष नसून दादाचीच एक कलाकृती आहे. जर्मन कलावंत योझेफ बॉइसचं वेगळं. 1944 मध्ये क्रिमियात विमान पडलं, तिथल्या तातार लोकांनी आपल्याला चरबी चोळून नमद्यात, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळून वाचवलं, असं तो सांगायचा. त्याच्या पुढच्या कलेत चरबी आणि नमदा पुन्हा पुन्हा येतात. नोंदी सांगतात की अपघात 16 मार्चचा आणि दुसऱ्या दिवशी तो लष्करी रुग्णालयात दाखल होता. मी माझ्या टिपणांच्या कार्डावर दोन रकाने करते: ‘तो सांगतो’ आणि ‘नोंद सांगते’. पहिला रकाना कधीच खोडत नाही. चरबी कुठून आली हे दुसऱ्या रकान्यातून कळणार नाही.

कोण गळलं, हेही शोधावं लागतं. काबारे व्होल्तेअर बालनं एकट्यानं काढलं नव्हतं. एमी हेनिंग्ज त्याच्या बरोबरीनं होती. ती कवयित्री होती, गायिका होती, आणि त्या काळच्या वृत्तपत्रात त्या मंचाची तारका म्हणून तिचाच उल्लेख आहे. बाल 1927 मध्ये गेला, ती 1948 पर्यंत जगली आणि त्याच्याबद्दल लिहीत राहिली. दादाच्या कितीतरी इतिहासांत मात्र ती ‘बालची पत्नी’ म्हणून दोन ओळींत येते. माझ्याकडे तिचं वेगळं फोल्डर आहे, आणि त्यातले निम्मे कागद बालवरच्या पुस्तकांतून निघालेले आहेत.

तुमच्यापैकी काहीजण विचारतात, आम्हाला सुरुवात करायची तर कुठून? जाड चरित्रापासून नको. प्रदर्शनाच्या कॅटलॉगच्या शेवटी सनावळी असते, ती वाचा. त्यात कोणी मत सांगत नाही, फक्त तारखा एकाखाली एक येतात. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सची घ्या. हॅनोव्हरमधल्या घरात तो 1923 च्या सुमारापासून टाकाऊ वस्तू, लाकूड आणि प्लास्टर यांची एक वास्तू वाढवत नेत होता, खोलीमागून खोली. 1937 मध्ये नाझींपासून वाचायला तो नॉर्वेला गेला. 1940 मध्ये ब्रिटनमध्ये शत्रुदेशीय म्हणून स्थानबद्ध झाला. 1943: हॅनोव्हरवर बॉम्ब पडले, ती वास्तू नष्ट. 1947: इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात, एल्टरवॉटर इथल्या एका दगडी कोठारात पुन्हा तेच काम सुरू, एक भिंत होत आली. 7 जानेवारी 1948: ब्रिटिश नागरिकत्व मंजूर. 8 जानेवारी: मृत्यू. सनावळी इथे थांबत नाही. त्याखाली आणखी एक ओळ असते. 1965: ती भिंत कोठारातून काढून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेली.