‘शक्ती’चा दुसरा अल्बम
आज दुपारी कारखान्यात वीज गेली, माग थांबले. मोबाइलवर ‘शक्ती’ या भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र करणाऱ्या बँडचा दुसरा अल्बम लावला, १९७६ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेला. पहिला थेट मैफिलीतला; त्यातली एक रचना तर जवळपास अर्धा तास चालते. भन्नाट, पण दमवणारा. दुसऱ्यात रचना आटोपशीर झाल्यात. सुरुवातीलाच तबल्यावरचे झाकीरभाई (झाकीर हुसेन) आणि घट वाजवणारे विक्कू विनायकराम तोंडाने तालाचे बोल म्हणतात, अंगावर काटा येतो! जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि एल. शंकरचं व्हायोलिन इथे एकमेकांना जागा देतात. मला तरी हीच खरी वाढ वाटते.
शेजारच्या मागावरचे मामा मांडीवर ताल धरून ऐकत होते. “हा घट आहे होय? आपला मातीचा?” वीज आली, तरी त्यांनी माग लगेच सुरू केला नाही.