तुम्ही विचारलंत म्हणून: सिंथेसिस, म्हणजे साध्या रेणूंपासून हवा तो रेणू बनवणं, संगणकावर शिकवावं का?

"संगणक चुटकीसरशी सिंथेसिसचे दहा मार्ग काढून देतो, मग मुलांना कागदावर कशाला राबवता?" हे हमखास विचारलं जातं. माझं उत्तर असं, की मार्ग सुचवावेत संगणकाने आणि खोडावेत मुलांनी. खरं रसायनशास्त्र त्या खोडण्यात आहे.

लक्ष्य रेणूपासून एकेक बंध तोडत मागे जायचं, ही रसायनशास्त्रज्ञ कोरींची पद्धत. त्यांनी आणि त्यांचे सहकारी विप्के यांनी ती 1969 मध्येच संगणकावर मांडून दाखवली होती, त्यामुळे यात नवलाई काही नाही.

एन-प्रोपिलबेंझीन घ्या, म्हणजे बेंझीनच्या वलयाला तीन कार्बनांची सरळ साखळी. आधी 15 मिनिटं फक्त कागद. पडद्यावरचं पहिलं उत्तर एकदा डोक्यात बसलं की दुसरं काही सुचत नाही, म्हणून. मग नियमांवर चालणारा साधा प्रोग्राम लावा आणि पायऱ्यांची मर्यादा 3 ठेवा. तो वलय आणि साखळी यांमधला बंध तोडून सांगेल: बेंझीन, 1-क्लोरोप्रोपेन, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. एकच पायरी, म्हणून यादीत सगळ्यात वर. फ्लास्कमध्ये मात्र हायड्राइड (इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन जाणारा हायड्रोजन) शेजारच्या कार्बनवर सरकतो, धन प्रभार मधल्या कार्बनवर येऊन जास्त स्थिर असा दुय्यम कार्बोकॅटायन तयार होतो आणि हाती लागतं ते मुख्यतः आयसोप्रोपिलबेंझीन, म्हणजे साखळी मधल्या कार्बनने जोडलेली. शिवाय अल्किल गट (कार्बनांची साखळी) बसला की वलय आणखी क्रियाशील होतं, त्यामुळे दुसरा गटही चिकटतो. मुलांनी हा मार्ग कारणासकट खोडायचा आणि दोन पायऱ्यांचा उचलायचा: प्रोपॅनॉइल क्लोराइडने असायलेशन, म्हणजे साखळी कीटोनच्या रूपात जोडणं, मग क्लेमेन्सन रिडक्शन, म्हणजे त्या कीटोनमधला ऑक्सिजन काढून टाकणं. इथे एक गोष्ट हटकून विचारावी: अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड किती? तयार झालेला कीटोन ते धरून ठेवतो, म्हणून चिमूटभर पुरत नाही, 1 सममूल्याहून (दर रेणूमागे एकाहून) थोडं जास्तच लागतं. प्रोग्राम हे सांगत नाही.

दुसरी फसगत जास्त बोलकी आहे. पॅरा-ब्रोमोफिनॉलपासून ग्रिन्यार (कार्बन-मॅग्नेशियम बंध असलेलं अभिकारक) करून आल्डिहाइडवर घालायचं, असा मार्ग तो बिनदिक्कत देतो. बहुतेक नियम तुटणाऱ्या बंधाच्या शेजारचे अणू तेवढे बघतात. वलयाच्या पलीकडच्या टोकाला बसलेला ओएच ग्रिन्यारला प्रोटॉन देऊन मारून टाकेल, हे त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच नसतं. तो ओएच आधी सिलिल ईथर करून, म्हणजे त्याच्या हायड्रोजनच्या जागी सिलिकॉनचा गट बसवून, झाकावा लागतो.

रेणू टंकून भरताना होणारी चूक अगदीच साधी असते. रेणू अक्षरांच्या ओळीत लिहायच्या स्माइल्स लिपीत वलयातला अ‍ॅरोमॅटिक कार्बन लहान सीने लिहितात. मोठा सी वापरला आणि दुहेरी बंध दाखवले नाहीत, तर प्रोग्राम मुकाट्याने प्रोपिलसायक्लोहेक्झेन समजतो. त्यामुळे शोध सुरू करण्याआधी हायड्रोजन मोजायला लावा: एन-प्रोपिलबेंझीनमध्ये 12 हवेत, 18 आले तर वलय चुकलं.

गुणही मी खोडलेल्या मार्गांनाच जास्त देतो: बरोबर मार्गाला 2, खोडलेल्या प्रत्येकाला 3, कारण लिहिलं असेल तरच.