शुट्काच्या बाजारात पाणी, लोण आणि नाक

उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्ये. तिथल्या जुन्या बाजारात चहा पीत होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "आज कुठे?" शुट्का म्हटल्यावर म्हणाले, "पाकीट सांभाळा." आमच्या गावाबाहेर पालं पडली की आजी याच सुरात कोंबड्या आत घ्यायला सांगायची.

शुट्का म्हणजे शुतो ओरिझारी. १९६३च्या भूकंपाने स्कोप्ये जमीनदोस्त झालं, त्यानंतर बेघर रोमा कुटुंबं इथे वसली. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या लोकांचे वंशज. आता ही वेगळी नगरपालिका आहे. बहुसंख्य रोमा, आणि रोमानी ही अधिकृत भाषा. २००१ साली अल्बानियन बंडखोर आणि मॅसेडोनियाचं सरकार यांच्यात लढाई झाली, ओह्रिडचा करार झाला. एखाद्या नगरपालिकेत वीस टक्के लोकांची जी भाषा, ती तिथे अधिकृत, असं त्यात ठरलं. भांडण अल्बानियनांचं होतं, पण नियम शुट्कालाही लागू पडला.

बाजारात नवरीचे झगे, प्लॅस्टिकच्या चपला, मिरच्यांचे ढीग. कपडे विकणाऱ्या एक मावशी जर्मनीत राहून आल्या होत्या, म्हणून पुण्यात शिकलेलं माझं मोडकं जर्मन कामाला आलं. मी नाकाला बोट लावलं. "नाक," त्या म्हणाल्या. पाणी? "पानी." मीठ? "लोन." आमच्या लोणच्यातलं लोण! मग आकडे : येक, दुय, त्रिन, श्तार, पांच, शोव... आणि पुढे एकदम एफ्ता. सात, आठ, नऊ ग्रीकमधून आलेले. पूर्वज कुठल्या वाटेने आले, ते मोजतानाच कळतं. दहाला पुन्हा "देश".

आठवड्यापूर्वी मी बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोत होतो. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन करारातल्या बोस्नियाच्या घटनेत तीन 'घटक' जमाती आहेत : बोस्नियाक, सर्ब, क्रोएट. बाकीचे सगळे 'इतर'. तीन जणांच्या राष्ट्राध्यक्षमंडळात इतरांना उभंच राहता येत नाही. देर्वो सेदिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे ज्यू, दोघे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. पंधरा वर्षं उलटून गेली, घटनेतलं ते कलम आहे तिथेच आहे. युद्ध थांबवायला केलेली वाटणी होती ती. जे लढलेच नाहीत, त्यांना वाटणीत जागा कोण देणार?

मावशींच्या ठेल्यावर रोमांचा निळा-हिरवा झेंडा लटकत होता, मधोमध सोळा आऱ्यांचं लाल चाक. "तुमच्याच चक्रावरून," त्या अभिमानाने म्हणाल्या. मग शर्टाची घडी घालता घालता सहज विचारलं, "तिकडे भारतात आमची माणसं कशी राहतात?"

मला पालं आठवली. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आठवल्या, आजीच्या कोंबड्या आठवल्या. जर्मन शब्द सापडत नाहीत असं दाखवलं आणि शर्टाचे पैसे विचारले.

त्यांनी थोडे कमीच घेतले.